शत्रू स्पष्ट दिसावा म्हणून

अकराव्या क्रमांकाचा फलंदाजसुद्धा मैदानात उतरला की आधी सूर्य कुठे आहे ते बघतो. पंचांकडे मिडल-लेग मागतो, बुटाच्या टोकाने क्रीजवर रेघ ओढतो, ग्लोव्हजचा पट्टा सोडून पुन्हा आवळतो आणि गोलंदाज धावायच्या बेतात आला की बॅट वर करून त्याला थांबवतो. साइटस्क्रीन जरा डावीकडे हवाय. सीमारेषेपलीकडे डुलक्या काढणारी दोन माणसं उठतात, चाकांवरचा तो अगडबंब पडदा ढकलतात, ‘अजून, अजून, बास’ होतं, आणि पहिल्याच चेंडूवर मधली यष्टी गमावून गडी परत निघतो. प्रेक्षक हसतात. मला हसू येत नाही. लाल चेंडूमागे पांढरा पडदा आणि पांढऱ्या चेंडूमागे काळा, ही काही मैदानाची सजावट नव्हे. चेंडू सोडून बाकीचं जग घटकाभर पुसून टाकायची ती युक्ती आहे.

ठाण्याला माझी बहीण राहते. तिच्या लेकीने असला साइटस्क्रीन घरातच, अभ्यासाच्या टेबलावर आणून ठेवलाय. भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि काउंटर-स्ट्राइक व व्हॅलोरंट हे गोळीबाराचे खेळ खेळते. दोन्हींचा गाभा एकच. पाच जण या बाजूला, पाच त्या बाजूला. एकांनी बॉम्ब लावायचा, दुसऱ्यांनी लावू द्यायचा नाही किंवा निकामी करायचा. मेलात तर पुढचा डाव सुरू होईपर्यंत नुसतं बघत बसायचं. बहिणीला खेळण्याचं काही वाटत नाही. तिचं म्हणणं वेगळंच आहे. ‘दादा, ही खेळते कमी आणि मॉनिटर लावत बसते जास्त.’

मॉनिटर लावणं म्हणजे काय, ते मी एका रविवारी शेजारी स्टूल घेऊन पाहिलं. सुरुवात उंचीपासून. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. हा मॉनिटर स्वस्तातला असल्यामुळे त्याचा स्टँड वर-खाली होत नाही. म्हणून त्याच्याखाली महादेवशास्त्री जोशींच्या भारतीय संस्कृतिकोशाचे दोन खंड आले आहेत. दहा खंडांमधून नेमके हेच दोन का, असं विचारलं तर उत्तर मिळालं, ‘जाडी बरोबर बसते.’

मग मेन्यू. मॉनिटरच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने, एकासारखी एक पाच बटणं असतात. ती दिसत नाहीत, चाचपावी लागतात. पहिलं मेन्यूचं, मधली वर-खाली जाण्याची आणि शेवटचं मॉनिटर बंद करण्याचं. माणसाची बोटं कुठवर पोचतात याचा मॉनिटर बनवणारे नीट विचार करतात. डोळे पुढच्या बाजूला असतात हे त्यांच्या लक्षात राहत नाही. भाची मान वाकडी करून, जीभ किंचित बाहेर काढून, अंगठ्याने बटणं मोजत जाते. एक, दोन, तीन, आणि पडदा काळा. परत चालू करायचा, कंपनीचं बोधचिन्ह मनोभावे झळकू द्यायचं, परत मोजायचं. मेन्यू सापडला तरी तो काही सेकंदच थांबतो. आपण ‘कॉन्ट्रास्ट’ हा शब्द वाचून विचारात पडलो की निघून जातो. त्या दिवशी तर अंगठा कुठेतरी भलतीकडे पडला आणि अख्खा मेन्यू चिनी भाषेत गेला. परत इंग्रजीवर यायचं तर ‘भाषा’ हा शब्द चिनीत कसा दिसतो हे माहीत हवं. घरातल्या चौघांनी पडद्यासमोर उभं राहून अक्षरांच्या आकारावरून अंदाज बांधले. शेवटी पृथ्वीच्या गोळ्यासारखं एक चित्र सापडलं आणि तिथून सुटका झाली.

आता हर्ट्झ. पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो, तो हा आकडा. ऑफिसातला साधा मॉनिटर ६०चा असतो, म्हणजे एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं. १४४ला ते ६.९ मिलिसेकंदांवर येतं, २४०ला ४.२वर. बाजारात ३६०चे आणि ५४०चेही आहेत; त्यांच्या किमतीत चांगली सेकंडहँड स्कूटर येईल. यातली खरी मौज पुढे आहे. १४४चा मॉनिटर आणून जोडला तरी विंडोज बरेचदा त्याला ६०वरच चालवत राहतं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये आणखी आत, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन, तो आकडा आपल्या हाताने बदलावा लागतो. जुन्या एचडीएमआय केबलने जोडला असेल तर तो आकडा यादीत दिसतोच असं नाही. असे महाभाग आहेत की जे वर्षभर १४४च्या तोऱ्यात ६०वर खेळतात आणि मित्रांना सांगत सुटतात, ‘फरक कसा लगेच जाणवतो बघ!’

फरक नेमका कुठे पडतो, ते भाचीने मला डस्ट टूवर दाखवलं. डेव्ह जॉन्स्टन याने २००१ साली काउंटर-स्ट्राइकसाठी रचलेला हा नकाशा. वाळवंटी गाव, मातकट भिंती, खोकी, कमानी. गावाच्या मधोमध एक दुपाखी दरवाजा आहे आणि त्याची दोन दारं पुरती मिटत नाहीत. मध्ये फट राहते. एका टोकाला एक जण दुर्बिणीची बंदूक घेऊन त्या फटीवर नजर लावून बसतो. दुसरीकडचे लोक त्या फटीपलीकडून पळत जातात. फटीत माणूस दिसतो तो पापणी लवायच्या आत. समजा, तो ५० मिलिसेकंद दिसला. ६०च्या पडद्यावर त्याची तीन चित्रं येतील, १४४वर सात, २४०वर बारा. तीन चित्रांत माणूस पळत नाही, उड्या मारतो. पहिल्यात डाव्या कडेला, दुसऱ्यात मध्ये, तिसऱ्यात गेलेला. बारा चित्रांत तो निदान रीतसर पळतो.

मी हिशेबाचा माणूस. म्हटलं, अगं, डोळ्याला दिसल्यापासून बोट दाबलं जाईपर्यंत माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. शंभर मीटरच्या शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजानंतर १०० मिलिसेकंदांच्या आत जो हलला, तो आवाज ऐकून हललाच नाही असं धरून त्याची सुरुवात चुकीची ठरवतात. जिथे शरीरच दोनशे घेतं, तिथे दहा-बारा मिलिसेकंदांसाठी एवढा खर्च? ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, ‘मामा, त्याला पण दोनशेच लागतात ना?’

यावर मला काही सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. सिनेमा गेली नव्वदेक वर्षं सेकंदाला २४ चित्रांवर गुजराण करतोय, आणि १९१३ साली फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तर कॅमेरा हाताने फिरवायचे, हात चालेल ती गती. पण हरिश्चंद्राला कुणी फटीतून टिपायला बसलं नव्हतं.

आमच्या वेळी म्हणजे काउंटर-स्ट्राइक १.६च्या वेळी. हाफ-लाइफ या खेळावर मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन पोरांनी १९९९मध्ये हौसेने केलेलं कलम म्हणजे काउंटर-स्ट्राइक; १.६ ही त्याची आवृत्ती २००३ सालची. कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक सायबर कॅफे होता, प्लायवूडच्या कप्प्यांचा, आणि प्रत्येक कप्प्यात पोट सुटलेला काचेचा मॉनिटर. तेव्हा सेटिंग एकच होतं. चित्र हललं तर वरून एक थाप. पण त्या थापा खाणाऱ्या डब्यांत एक गुण होता, तो आम्हाला ठाऊक नव्हता. काचेच्या नळीतला प्रत्येक ठिपका क्षणभर उजळायचा आणि विझायचा. आताचा सपाट पडदा पुढचं चित्र येईपर्यंत आधीचं धरून ठेवतो. डोळा पळणाऱ्या माणसामागून सरकत असतो, चित्र मात्र जागच्या जागी थांबलेलं, आणि या ओढाताणीत पळणारा माणूस फरफटल्यासारखा पुसट दिसतो. यावर उपाय म्हणून आता पडद्यामागचा दिवा दर चित्राला एकदा लुकलुकवतात. बेनक्यू झोवीच्या मॉनिटरांवर या करामतीला डायॅक म्हणतात, दुसरीकडे दुसरी नावं. दिवा मधूनमधून विझल्याने उजेड कमी होतो, तो भरून काढायला ब्राइटनेस वाढवायचा. म्हणजे जो गुण भंगारवाल्याने आमच्या डोळ्यांदेखत किलोच्या भावाने हातगाडीवर नेला, तोच आता पुष्कळ हजार जास्त मोजून परत विकत घ्यायचा. भंगारवाल्याने त्या वेळी घासाघीस केली होती, हे आठवलं की जास्त वाईट वाटतं.

यानंतर ओव्हरड्राइव्ह. पडद्यातले द्रवस्फटिक एका रंगावरून दुसऱ्यावर जायला वेळ घेतात, आणि तोवर मागे सावलीसारखी शेपटी राहते. हे घोस्टिंग. त्यांना जास्तीचा वीजदाब देऊन ढकललं की ते लवकर पोचतात. फार ढकललं की मुक्काम ओलांडून पुढे जातात आणि मग मागे काळ्याऐवजी पांढरी शेपटी येते. म्हणून यातल्या सर्वांत वरच्या पायरीला, जिचं नाव कंपन्या ‘एक्स्ट्रीम’ असं काहीतरी भारदस्त ठेवतात, जाणते लोक हात लावत नाहीत. डब्यावर छापलेला एक मिलिसेकंदाचा आकडा मात्र बहुधा याच पायरीवर मोजलेला असतो. मधली पायरी बरी की तिच्या खालची, हे ठरवायला एक चाचणी आहे: पडद्यावर उडत्या तबकड्या डावीकडून उजवीकडे, सेकंदाला ९६० ठिपके या चालीने जात राहतात. प्रत्येकीत एक परग्रहवासी बसलेला. त्याचे डोळे स्पष्ट दिसले तर मॉनिटर बरा. भाची पाच-पाच मिनिटं या तबकड्यांकडे मान फिरवत बघत होती. तिची आजी, म्हणजे माझ्या बहिणीची सासू, शेंगा सोलत मागे बसली होती. तिने विचारलं, ‘हे पाहुणे उतरतायत कधी?’

इथवर वेगाची गोष्ट झाली. मला जास्त रस आहे तो पुढच्या भागात, कारण तिथे ही मुलं सौंदर्याशी सरळ सरळ वैर धरतात.

असा एखादा खेळ करायला शेकडो माणसं खपतात. कुणी भिंतीच्या पोपड्यांवर काम करतं, कुणी कमानीखाली अंधार कसा साचेल याचा विचार करतं, कुणी संध्याकाळचं ऊन. आणि खेळणारा पहिल्या दिवशी काय करतो? ते पोपडे ‘लो’वर नेतो. कमानीखालचा अंधार उपसून काढतो. त्यासाठी मॉनिटरांत खास कळ असते: झोवीवर ब्लॅक इक्वलायझर, असुसवर शॅडो बूस्ट, एलजीवर ब्लॅक स्टॅबिलायझर. एरवी ब्राइटनेस वाढवला की ऊनही पांढरंफटक होतं. ही कळ उजेडाला हात न लावता फक्त काळोख वर उचलते. कोपऱ्यात दबा धरून बसलेला माणूस राखाडी भिंतीवर काळ्या कोटात उभा असल्यासारखा उघडा पडतो. चित्र मात्र पाण्यात भिजून वाळलेल्या वर्तमानपत्रासारखं होतं. कलाकाराने ते पाहिलं तर त्याला रडू येईल. भाचीला विचारलं तर म्हणाली, ‘मी तिथे फिरायला थोडीच जाते?’

याला एक अपवाद आहे आणि तो मला फार आवडला. काउंटर-स्ट्राइकमध्ये बाकी सगळं तळाला नेणारे पुष्कळ खेळाडू सावल्या मात्र ‘हाय’वर ठेवतात. मला वाटलं, चला, कुठेतरी रसिकता शिल्लक आहे. तर नाही. कोपऱ्याआड उभ्या असलेल्या माणसाची सावली त्याच्याआधी बाहेर येते. सावली हवी ती खबऱ्या म्हणून.

व्हॅलोरंटमध्ये शत्रूच्या अंगाभोवती रंगीत रेघ असते. मुळात लाल. ज्यांना लाल-हिरवा नीट ओळखू येत नाही अशांसाठी पिवळ्याची सोय, निळ्या-पिवळ्याची अडचण असणाऱ्यांसाठी जांभळ्याची. आता डोळे ठणठणीत असलेली पुष्कळ मंडळी पिवळी नाहीतर जांभळी रेघ लावून बसतात, कारण विटा आणि कौलांच्या रंगात लाल हरवतो, पिवळा हरवत नाही. दुसऱ्यांसाठी केलेल्या सोयीत आधी जाऊन बसण्याची आपली जुनी सवय इथेही कामी येते. फरक इतकाच की इथे कुणाची जागा जात नाही.

चार-तीनची भानगड तर अजबच. काचेच्या मॉनिटरांची रुंदी आणि उंची चारास तीन असायची. ते मॉनिटर गेले, पण काउंटर-स्ट्राइकचे कितीतरी नामांकित खेळाडू अजूनही १२८० गुणिले ९६०वर खेळतात आणि ते चित्र रुंद पडद्यावर ताणून बसवतात. त्यामुळे प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. लग्नाच्या पंगतीतून थेट रणांगणावर आलेले सैनिक. रुंद माणूस टिपायला सोपा, असा हिशेब. पण तो पडद्यावरून आडवा पळतोही तेवढ्याच जास्त वेगाने, आणि दोन्ही बाजूंचं दृश्य कापलं जातं ते वेगळं: १०६ अंशांऐवजी ९०. म्हणजे बाजूने येणारा दिसणारच नाही. मला विचाराल तर या व्यवहारात नफा नाही. पण मला कोण विचारतंय?

खरी ठिणगी पडली ती रंगांवरून. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये डिजिटल व्हायब्रन्स नावाची एक पट्टी असते. कारखान्यातून ती ५०वर येते. नेमबाज मंडळी ती ८०, ९०, काही तर थेट १००वर नेतात. रंग भडक झाले की शत्रू मातीतून उठून दिसतो. भाचीने ९०वर ठेवून दिली आणि कॉलेजला गेली. दुपारी बहिणीने त्याच मॉनिटरवर भाच्याच्या मुंजीसाठी साडी बघितली. डाळिंबी, मोरपंखी काठ. पैसे भरले. चार दिवसांनी खोक्यातून जी निघाली ती फार तर आमसुली म्हणता आली असती आणि काठाचा मोर आजारी होता. बहीण विक्रेत्याला फोन लावून तावातावाने भांडली. तो बिचारा सांगत होता की ताई, फोटोत हाच रंग आहे. होताच. मग घरच्या लग्नाचा अल्बम उघडून पाहिला, तर सगळ्यांची हळद सातव्या वर्षीही उतरलेली नव्हती, आणि मग साडीचं गुपित फुटलं. त्या दिवसापासून मॉनिटरच्या मेन्यूतले तयार कप्पे घरात वाटले गेले आहेत. ‘एफपीएस’ लेकीचा. ‘एसआरजीबी’ आईचा, आणि साडी बघण्याआधी पट्टी ५०वर आणायची असा कायदा. ‘सिनेमा’ वडिलांचा, पण त्यांना तो लावता येत नाही, म्हणून ते लेकीच्या कप्प्यातच शेअर बाजार बघतात आणि हल्ली लाल आकडे फार लाल दिसतात म्हणतात.

आजीचा कप्पा कोणता, यावर थोडी चर्चा झाली. आजीचं आणि भाचीचं एरवी सख्य आहे, फक्त दिवेलागणीला बिनसतं. भाचीला पडद्यावर प्रतिबिंब नको म्हणून खोलीत अंधार हवा असतो. आजी बरोबर सातच्या सुमाराला येऊन ट्यूब लावते, कारण तिन्हीसांजेला अंधारात बसू नये. ट्यूबची पांढरी पट्टी डस्ट टूच्या बरोबर दरवाजावर पडते. भाची ओरडते, ‘आजी, मेले मी!’ आजी म्हणते, ‘असं अभद्र बोलू नये सांजेचं.’ तोडगा म्हणून मॉनिटरच्या मागे भिंतीवर एक मंद दिवा लावलाय. त्याने डोळ्यांनाही बरं पडतं आणि लक्ष्मीलाही वाट दिसते.

तर आजीचं नुकतंच एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वय वाढतं तसं डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळं होत जातं आणि निळा रंग गाळून टाकतं. हे इतकं हळूहळू होतं की कळत नाही. ते काढून स्वच्छ भिंग बसवलं की निळा एकदम परत येतो. चित्रकार क्लोद मोने याने १९२३मध्ये ऑपरेशन करून घेतलं होतं, त्यालाही आधी रंगांनी असंच छळलं होतं. आजीचा एक डोळा नवा, एक अजून जुना. पट्टी निघाल्यावर तिला हा नाद लागला: एक डोळा झाकायचा, बघायचं, दुसरा झाकायचा, बघायचं. मुलाचा सदरा एका डोळ्याने पांढरा, दुसऱ्याने पिवळट. देवघरातल्या कृष्णाकडे बघून म्हणाली, ‘हा एवढा निळा होता होय! मी आपली सावळा समजत होते.’ भाचीने तिला मॉनिटरसमोर बसवलं, पांढरा पडदा लावला आणि कलर टेम्परेचरचे आकडे खालीवर करत प्रत्येक डोळ्याला विचारत गेली. नव्या डोळ्याला ६५०० पसंत पडलं. जुन्याला कितीही वर नेलं तरी पांढरं काही पटेना. भाचीच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो कुठलाही सामना जिंकल्यावर मी पाहिलेला नाही. ‘आजी, तुझ्या डाव्या डोळ्याला लो ब्लू लाइट मोड आहे, इनबिल्ट!’

‘मग तो काढतायत पुढच्या महिन्यात,’ आजी म्हणाली.

गेल्या महिन्यात भाचीच्या कॉलेजच्या संघाची स्पर्धा होती, दुसऱ्या कॉलेजच्या लॅबमध्ये. मॉनिटर त्यांचे, वेगळ्याच कंपनीचे, बटणं भलत्या बाजूला, आणि मांडामांडीला मोजकी मिनिटं. ती वहीत सगळे आकडे लिहून घेऊन गेली होती. शिवाय एक पट्टी, डोळ्यापासून पडद्याचं अंतर मोजायला. संस्कृतिकोशाचे खंड पिशवीत टाकताना आईने पाहिलं म्हणून ते घरी राहिले. संध्याकाळी मी फोन केला. उपांत्य फेरीत हरले होते.

‘मॉनिटर वाईट होता का गं?’ मी विचारलं.

‘नाही मामा, मॉनिटर एकदम झकास होता,’ ती म्हणाली. ‘खुर्ची खाली होती.’